भिंतीवरील शेवाळ आणि यतना
पावसाळ्यात घराच्या उत्तरेकडील सावलीतल्या भिंतीवर हिरवी झाक उमटते. तिचे कारण ओलावा: गळकी पन्हळ, तुंबलेली मोरी, छज्जावरून ओघळणारे पाणी. शास्त्राने शेवाळाला अनंतकाय मानले आहे, एका शरीरात अनंत जीव. त्यामुळे ब्लीचिंग ओतताना श्रावकाचा हात थबकतो. निसरड्या ओट्यावरून वृद्ध घसरण्याचे भयही असतेच. या पेचाचा उपाय वैशाखातच करावयाचा असतो. भिंत कोरडी असतानाच भेगा बुजवाव्यात, पन्हळ दुरुस्त करावी, टेकलेल्या कुंड्या दूर सारून चुना द्यावा. शेवाळ उगवलेच, तर प्रथम पाणी अडवावे. सुकेपर्यंत तेथून जाऊ नये. थकबाकी होण्यापूर्वीच खाते तपासणाऱ्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. जे उगवलेच नाही, ते मारावे लागत नाही.