बिनइंजिनाच्या गाडीला आलेले बोलावणे

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे, आत चूल, शय्या आणि पाण्याच्या टाक्या असलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. आणि ऑस्ट्रेलियात सेवानिवृत्तीनंतर असे घर विकत घेऊन वर्षातले कित्येक महिने त्या अफाट देशात हिंडत राहणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला असून, त्यांना तेथे कौतुकमिश्रित थट्टेने 'ग्रे नोमॅड्स', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे म्हणतात. आपल्याकडे 'कॅरॅव्हॅन' हा शब्द उच्चारला की आतून सजवलेली, स्वतःचे इंजिन असलेली बसगाडी डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत विषय तिचा नाही. ज्या गाडीला इंजिन नाही, सुकाणू नाही, फक्त लोखंडी चासी, अक्ष, चाके आणि त्यांवर उभारलेली खोली आहे, अशा गाडीच्या धन्याला एके दिवशी कंपनीचे पत्र येते की, आपल्या गाडीच्या चासीचे जोडकाम सदोष असण्याचा संभव आहे, सबब तपासणी होईपर्यंत ती रस्त्यावर आणू नये. या पत्राला 'रिकॉल' म्हणतात, आणि ते हाती पडल्यावर मनुष्य ज्या समजुतींचा आश्रय घेतो त्यांपैकी बहुतेक चुकीच्या असतात.

सर्वांत पहिली समजूत अशी की, जिला इंजिनच नाही तिच्यावर मोटारींच्या कायद्याचा अंमल तो कसला? ऑस्ट्रेलियाचा रस्ते-वाहन मानक अधिनियम 2018 सालचा असून त्याची मुख्य अंमलबजावणी 1 जुलै 2021 पासून सुरू झाली. त्यात ओढली जाणारी गाडी हेही वाहनच मानले आहे, आणि रिकॉलची दप्तरी नोंद केंद्र सरकारच्या वाहतूकविषयक खात्याकडे होते. बोलावणे सामान्यतः कंपनी स्वतः काढते. तिने कुचराई केल्यास सक्तीचा हुकूम काढण्याचा अधिकार मंत्र्यांना आहे. अमेरिकेच्या 1966 च्या कायद्यातही ट्रेलर हे वाहनच आहे. (आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली 110-अ हे कलम घालून रिकॉलची तरतूद केली, ती 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू आहे.) ब्रिटनमधील स्थिती मात्र मोठी चमत्कारिक आहे. तेथे ओढण्याच्या कॅरॅव्हॅनला स्वतंत्र सरकारी नोंदणी नाही. ती पाठीवर पुढच्या मोटारीचाच क्रमांक मिरवते, आणि मोटारींना जी वार्षिक तपासणी अनिवार्य आहे तीही तिला नाही. सदोष गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे सरकारी वाहननोंदीवरून उमगत नसल्यामुळे 1992 पासून त्या व्यवसायाने स्वतःच चालविलेली 'क्रिस' नावाची नोंदवही हाच शोधाचा मुख्य आधार ठरतो. आणि विक्री करणाऱ्याने मालकीतील फेरफार तेथे कळविला नाही तर पत्र जुन्या मालकाच्या दाराशी जाऊन पडते.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली, आणि मला वाटते अधिक घातक. "वीस हजार किलोमीटर ओढली, काही झाले नाही, दोष असता तर केव्हाच मोडली नसती का?" हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो, परंतु पोलादाचा स्वभाव ज्यांनी तपासला त्यांनी तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मोडीत काढला आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा अक्ष धावता धावता तुटला आणि त्या अपघाताने व आगीने पन्नासांहून अधिक माणसांचा बळी घेतला, त्यांत द्यूमाँ द्यूर्व्हील हा विख्यात दर्यावर्दी सहकुटुंब होता. जो अक्ष कित्येक फेऱ्या बिनतक्रार चालला तो त्याच दिवशी का तुटावा, या प्रश्नावर त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांनी दिलेले उत्तर असे की, हादऱ्यांनी लोखंडाच्या तंतुमय अंतरंगाचे स्फटिकात रूपांतर होते. हाही एक गैरसमजच, आणि तोही विद्वानांचा! रँकिन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने 1843 साली दाखविले की अक्षाची जाडी जेथे एकाएकी बदलते तेथे सूक्ष्म भेग पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. पुढे वोलर नावाच्या जर्मन अभियंत्याने अक्षांना यंत्रावर लक्षावधी वेळा वाकवून पाहिले आणि सिद्ध केले की, एका वेळच्या भाराने जो कदापि तुटणार नाही तो त्याहून कितीतरी कमी, पण पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने तुटतो. यालाच धातूची शिणवट म्हणतात.

वेल्डिंगच्या सांध्यांना ही शिणवट विशेष बाधते. ठोकळ हिशेब असा की, सांध्यावरचा ताण सव्वापट झाला तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. कॅरॅव्हॅनच्या अंगी असे नाजूक सांधे ठिकठिकाणी असतात: पुढचा दांडा चासीला मिळतो तेथे, कमानीच्या पाट्यांना धरून ठेवणारी ब्रॅकेटे बसविलेली असतात तेथे, आणि स्वतंत्र सस्पेन्शन असल्यास त्याचा हात चासीला अडकतो तेथे. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील गिब रिव्हर रोडसारख्या, पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या सुमारे 660 किलोमीटरच्या वाटेवर या सांध्यांना किती हिसके बसत असतील त्याची मोजदाद कोणी करावी! वीस हजार किलोमीटर निर्वेध झाले, याचा अर्थ भेग नाही असा होत नाही. भेग असलीच तर तिचा किती प्रवास उरला आहे हे ठाऊक नाही, इतकाच होतो.

भाराविषयीही असाच घोळ आहे. पुष्कळांची कैफियत अशी की, सामान जास्त भरणाऱ्यांच्याच चासी मोडतात, आम्ही बेताने भरतो, सबब हे पत्र आमच्यासाठी नाही. जास्त भार हा चासीचा शत्रू खरा. परंतु आपण बेताने भरतो ही खातरजमा फार थोड्यांनी वजनकाट्यावर केलेली असते. समजा, गाडीवर ठोकलेल्या माहितीच्या पत्रीवर कमाल वजन 2,500 किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन 2,100 किलो लिहिले आहे, उरले 400. त्यांतून 95 लिटरच्या दोन टाक्या भरताच 190 किलो गेले, मग गॅसची नळकांडी, बॅटरी, मागाहून बसविलेला पडदा, भांडीकुंडी आणि धान्य यांना 210 उरले. शिवाय काही रिकॉल खुद्द या पत्रीवरील आकडा चुकीचा छापला गेला म्हणूनच निघालेले आहेत, तेव्हा बेत तरी कशाच्या आधारे करावयाचा? आणि सदोष सांधा हलक्या भारानेही सदोषच राहतो. त्याची तपासणी चुकवावयाला काटकसरीने भरलेले कपाट हे कारण होऊ शकत नाही.

याउलट, रिकॉल निघाला म्हणजे सारी गाडी टाकाऊ, कंपनी लबाड, असे मानणारेही आहेत. 2022 साली ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, विचारणा केलेल्या दोन हजारांहून अधिक ग्राहकांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी आपल्या नव्या गाडीत काही ना काही बिघाड आढळल्याचे सांगितले. अर्थात अशा विचारणेला ज्याचे बोट पोळले आहे तोच आधी उत्तर देतो, हे ध्यानात ठेवावे. परंतु बिघाड आणि रिकॉल हे दोन निराळे मामले आहेत. कपाटाचे दार लागत नाही, छत गळते, ही तक्रार विक्रेत्याशी करावयाची. रिकॉल सुरक्षिततेला बाध आणणाऱ्या दोषासाठी किंवा मानकाच्या भंगासाठी असतो, तो बहुधा ठराविक काळात बांधलेल्या ठराविक क्रमांकांच्या गाड्यांपुरता असतो, आणि काम पुष्कळदा बोल्ट ठरल्या जोराने पुन्हा आवळणे, ब्रॅकेट बदलणे किंवा जोडपट्टी बसविणे एवढेच असते. खर्च कंपनीने सोसावयाचा.

तेव्हा कोणी म्हणतो, एवढेच असेल तर आमच्या गावच्या वेल्डरकडून दोन टाके मारून घेऊ. बैलगाडीच्या लोखंडकामाला हे शोभले असते. पण युरोपी कॅरॅव्हॅनची चासी जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादाची आणि बोल्टांनी जुळविलेली असते; वेल्डिंगच्या उष्णतेने मुलामा जळतो, ताणाची नवी केंद्रे निर्माण होतात, आणि म्हणूनच आल्को ही जर्मन कंपनी आपल्या चासीला भोके पाडण्याला वा वेल्ड करण्याला मज्जाव करते. तिच्या अक्षात कमानीही नसतात: षट्कोनी नळीच्या आत रबराचे दांडे दाबून बसविलेले असतात आणि चाक वर उचलले की ते पिळले-चेपले जातात. हे रबर निकामी झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही. गाडी एका अंगाला झुकणे किंवा टायर एकाच कडेने झिजणे, एवढीच काय ती बाहेरची खूण.

राहता राहिली जुनी गाडी घेणाऱ्याची समजूत की, हमीची मुदत संपली, मालक बदलला, म्हणजे बोलावणेही रद्द झाले. हमी हा करार आहे. रिकॉल गाडीच्या क्रमांकाला चिकटलेला असतो आणि मालकाबरोबर तो बदलत नाही. अमेरिकेत मोफत दुरुस्तीचा कायदेशीर हक्क 15 वर्षांपर्यंतच्या वाहनाला आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी क्रमांकाची रुजवात सरकारी यादीशी आणि कंपनीशी करून घ्यावी. हा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक पत्रीवर आणि बहुधा पुढच्या दांड्यावरही ठोकलेला असतो, आणि गंजामुळे तो वाचताना पुष्कळजण चुकतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरलेली नसतात, तेव्हा जेथे 'ओ' दिसतो तेथे शून्य लिहावे.