जुनी वेगवान गाडी : भाव उतरतो, खर्च उतरत नाही

आमचा धंदा कापडाचा. मोटारीवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. परंतु घरात एक प्रसंग घडला, त्यात थोडे शिकायला मिळाले, आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची तरुण मुले आज त्याच वाटेवर आहेत. म्हणून हा लेख.

चिखला हे तुमसर तालुक्यातील मॅंगनीजच्या खाणीचे गाव. खाणीचा पगार झाला की आमच्या दुकानात गिऱ्हाईक येते. लग्नसराईपूर्वी नागपूरच्या गांधीबागेतून माल भरावा लागतो आणि त्यासाठी रोख रक्कम बाजूला ठेवावी लागते. 2023 साली अशीच सहा लाखांच्या आसपास रक्कम तयार होती. तेवढ्यात आमचा पुतण्या नागपूरहून बातमी घेऊन आला. म्हणाला, "चाचा, 2012 ची स्कोडा लॉरा आरएस मिळते आहे. पावणेसहा लाख. अशी गाडी पुन्हा हाती लागणार नाही. मालाचे पैसे दोन महिन्यांत परत टाकतो."

ही गाडी आहे तरी काय?

स्कोडा कंपनीचा कारखाना आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादजवळ शेंद्रा येथे आहे. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर.) या कंपनीने 2004 साली ऑक्टाविया आरएस आणली. दिसायला घरची गाडी, पण आत टर्बो लावलेले पेट्रोल इंजिन आणि ताकद 150 अश्वशक्तीची. 2011 साली लॉरा आरएस आली, 160 अश्वशक्तीची. 2017 च्या ऑक्टाविया आरएसची ताकद 230 होती, 2020 च्या गाडीची 245. 2025 साली 265 अश्वशक्तीच्या फक्त शंभर गाड्या बाहेरून आणल्या गेल्या आणि त्यांची किंमत 50 लाखांच्या घरात होती.

नवी गाडी आवाक्याबाहेर, आणि तोच शिक्का असलेली जुनी गाडी पाच-सहा लाखांत. तरुणांचे मन इथेच फसते. पण गाडीचा भाव उतरला म्हणून तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. पाच लाखांत घेतलेल्या गाडीला पंधरा-वीस लाखांच्या गाडीचाच क्लच, तेच टायर आणि तोच पंप लागतो.

आम्ही काय तपासले

कापडाचा ताका आम्ही घडीवरून घेत नाही. उलगडतो, उजेडात धरतो, काठ पाहतो. गाडीही तशीच पाहायची ठरवली आणि नागपूरच्या एका जाणत्या मिस्त्रीला सोबत घेतले.

गाडी चकचकीत होती. काटा 68,000 किलोमीटर दाखवत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेले होते. मिस्त्री म्हणाला, "आज नको, उद्या सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहू." या इंजिनात टायमिंगची साखळी असते. तिला ताणून धरणारा भाग जुन्या बनावटीचा असेल तर तो सैल पडतो, आणि थंड इंजिन सुरू होताना काही क्षण खडखड ऐकू येते. ती साखळी घसरली तर इंजिनच मोडते. दुसऱ्या दिवशी खडखड ऐकू आली. तेलही पातळीच्या बरेच खाली होते. या पिढीच्या 1.8 लिटर इंजिनाची तेल पिण्याची खोड सर्वांना ठाऊक आहे.

मग चासी नंबरावरून सर्व्हिसची नोंद काढली. शेवटची नोंद 2018 ची, आणि तेव्हाच काटा 91,000 वर होता! पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. पुतण्या दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. मालाचे पैसे मात्र मालालाच गेले.

दुसरी गाडी

चार महिन्यांनी दुसरी लॉरा आरएस सापडली. भाव साडेसहा लाख, म्हणजे पहिल्यापेक्षा पाऊण लाख जास्त. पण मालक एकच, आणि सर्व्हिसची सारी बिले तारीखवार फाईलमध्ये लावलेली. साखळी ताणणारा भाग बदलल्याचे बिलही त्यात होते. पुतण्याने या वेळी स्वतःची बचत वापरली आणि आमच्या अटीवर दीड लाख रुपये दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले.

ते पैसे लागले. पहिल्याच वर्षी क्लच व फ्लायव्हील गेले, पाण्याचा पंप गळू लागला, चारही टायर बदलावे लागले. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. 2317 म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर वरून चांगले दिसत होते, पण वय झाले होते. सारे मिळून एक लाख 60 हजार रुपये गेले. त्यानंतर आजपर्यंत गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. तेव्हा अशी गाडी टिकत नाही असे आम्ही म्हणणार नाही. ती टिकते, पण तिचे मागणे वेळेवर द्यावे लागते.

आपल्या भागाचा विचारही करावा. विदर्भाचा उन्हाळा रबरी नळ्या आणि प्लास्टिकचे भाग लवकर खातो. खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून हवेचा फिल्टर ठरलेल्या मुदतीआधीच बदलावा. खड्ड्यात पातळ टायरची चाके वाकतात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि 2012 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इंधनाच्या नळ्या व जोड दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत. जिला सांभाळणारा मिस्त्री चिखल्यात किंवा तुमसरला नाही, नागपूरलाच न्यावी लागते, त्या गाडीचा तोही खर्च धरावा.

ऑटोमॅटिक गाडी पाहत असाल तर गिअरबॉक्स कोणता, हे आधी विचारा. याच कंपनीच्या काही गाड्यांत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे. त्याच्या तक्रारी इतक्या आल्या की 2013 साली चीनमध्ये फोक्सवॅगन समूहाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी अधिक टिकाऊ, पण त्याचे तेल दर 60,000 किलोमीटरला बदलले पाहिजे. ते बिल मागा.

कागदपत्रे

• खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2012 च्या गाडीची मुदत 2027 ला संपते. पुढे तपासणी व शुल्क भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते.

• परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीच्या नंबरावरून मालक, विमा व कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा असेल तर आधी बँकेचे पत्र व फॉर्म 35, मग पैसे.

• नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30. परराज्यातील गाडीला तिथला ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते ती या हिशोबाआधी.

• विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

• आपल्यासारख्या कापड किंवा किराणा व्यापाऱ्याला बसायच्या गाडीवरील जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. दुकानाच्या नावावर घेतली तर ते वाचेल, हा गैरसमज काढून टाकावा.

शेवटचा हिशोब

शौक करू नये असे आम्ही म्हणत नाही. मेहनतीने कमावणाऱ्या तरुणाने चांगली गाडी चालवली तर आम्हाला आनंदच आहे. पण खरेदीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी हातात नसेल तर त्याने थांबावे. आणि गल्ल्यातील मालाचा पैसा गाडीत घालू नये. त्या वर्षी लग्नसराईत आमचे दुकान भरलेले होते म्हणूनच पुतण्याची बचत झाली आणि त्याच बचतीतून त्याची गाडी आली. आता तो स्वतः मित्रांना सांगतो, "आधी फाईल दाखवा, मग गाडी."