गवत कापणीसाठी ट्रॅक्टरचा योग्य गिअर

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. बिरसी आणि आसपासच्या गावांत पावसाळा भरपूर असल्याने धानाच्या बांध्यांप्रमाणेच पडीक बर्डी जमीन, तलावांचे काठ आणि गावकुरणे यांवरही गवत उदंड वाढते. तरीही उन्हाळ्यात बहुतेक गोठ्यांतील जनावरे केवळ तणसावर दिवस काढतात. तणसाने पोट भरते, परंतु त्यात प्रथिने फारच अल्प असतात. वेळीच कापून वाळविलेले गवत तणसापेक्षा पुष्कळ पौष्टिक असते. मात्र गवत कापणीला येते तो ऑक्टोबर महिना हलक्या धानाच्या कापणीचाही असतो. त्या दिवसांत विळ्याने गवत कापण्यास मजूर मिळणे कठीण जाते आणि गवत उभ्यानेच वाळून जाते.

चिखलणीसाठी घेतलेला लहान ट्रॅक्टर या कामी चांगला उपयोगी पडतो. परंतु चिखलणीची अगर ट्रॉली ओढण्याची सवय गवत कापणीत जशीच्या तशी चालत नाही. चुकीच्या गिअरमध्ये चालविलेले यंत्र गवत कापण्याऐवजी लोळविते, डिझेल व्यर्थ जाते आणि क्लचची प्लेट अकाली झिजते. सबब गिअर कसा निवडावा, हे शेतकरी बंधूंनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन वेगांतील फरक

गवत कापताना दोन वेग एकाच वेळी सांभाळावे लागतात. एक पात्याचा आणि दुसरा चाकांचा. पाते पी.टी.ओ. दंडावर फिरते. बहुतेक कापणी यंत्रे या दंडाचे मिनिटास ५४० फेरे धरून बनविलेली असतात. इंजिनाचे किती फेरे असता पी.टी.ओ.चे ५४० फेरे मिळतात, याची खूण बहुधा ट्रॅक्टरच्या फेरेदर्शक तबकडीवर असते आणि माहितीपुस्तिकेतही ती दिलेली असते. हाताचा ॲक्सिलरेटर त्या खुणेवर आणून ठेवावा आणि काम संपेपर्यंत तेथून हलवू नये.

यावरून मुख्य नियम निघतो. पात्याचा वेग ॲक्सिलरेटरने ठरवावा आणि चालीचा वेग गिअरने ठरवावा. दाट गवत लागताच पुष्कळ चालक ॲक्सिलरेटर कमी करतात. त्यामुळे चाल मंदावते हे खरे, पण त्याबरोबर पातेही मंदावते. १.२ मीटर रुंदीच्या गोल फिरणाऱ्या यंत्राचे पाते मिनिटास ९०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदास सुमारे ५६ मीटर असतो. फेरे ६०० वर आले की तो सुमारे ३८ मीटर उरतो. अशा पात्यापुढे कोवळे गवत वाकते, ओले गवत गुंडाळले जाते आणि बुंधे चिरडून फाटतात. उलट ॲक्सिलरेटर तसाच ठेवून खालचा गिअर घेतला, तर पात्याचा जोर कायम राहून प्रत्येक घावाला कमी गवत येते. वरील यंत्रास दोन पाती असतील, तर ताशी ६ किलोमीटर चालीत प्रत्येक घाव सुमारे ५.६ सेंटिमीटर पुढे पडतो, तर ताशी ३ किलोमीटर चालीत केवळ २.८ सेंटिमीटर पुढे पडतो.

आपल्या ट्रॅक्टरची चाल मोजणे

कोणत्या गिअरला किती चाल, हे प्रत्येक बनावटीत निराळे असते. शेजाऱ्याचा दुसरा गिअर म्हणजे आपला दुसरा गिअर नव्हे. टायरचा आकार बदलला तरी चाल बदलते. म्हणून ती स्वतः मोजावी. सपाट जागेवर ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या रोवाव्यात. इंजिन ५४० च्या खुणेवर ठेवून, यंत्र उचलून आणि पी.टी.ओ. बंद ठेवून एकेका गिअरमध्ये ते अंतर कापावे व लागणारे सेकंद मोजावेत. १८० या आकड्यास त्या सेकंदांनी भागले म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये चाल निघते. ६० सेकंद लागल्यास चाल ३, ४५ सेकंदांस ४, ३६ सेकंदांस ५ आणि ३० सेकंदांस ६ किलोमीटर समजावी. हे आकडे रंगाने मडगार्डच्या आतल्या बाजूस लिहून ठेवल्यास कायमची सोय होते.

गवताप्रमाणे गिअर

उंच, दाट किंवा लोळलेल्या गवतात ताशी २ ते ३ किलोमीटर चाल पुरे. मध्यम वाढीच्या, उभ्या गवतात ३ ते ५ किलोमीटर योग्य होय. विरळ गवत आणि सपाट जमीन असेल, तर ५ ते ६ किलोमीटरपर्यंत जाता येईल. नव्या रानात नेहमी खालच्या गिअरने आरंभ करावा. पहिले २०-२५ मीटर कापून मागे पाहावे. काप स्वच्छ असेल आणि इंजिनाचा आवाज बदलला नसेल, तरच एक गिअर वर घ्यावा.

सर्वांत खालच्या गिअरमध्येही इंजिन दमत असेल, तर यंत्राच्या निम्म्या रुंदीनेच गवत घ्यावे. केवळ रान साफ करावयाचे असेल, तर प्रथम वरून आणि दुसऱ्या फेरीत खालून कापावे. वैरणीसाठी मात्र दोनदा कापू नये, कारण तुकडे होऊन गवत वाया जाते. वैरणीस कात्रीसारखी मागेपुढे सरकणारी दातेरी पट्टी असलेले यंत्र अधिक सोयीचे. त्याने गवत अखंड पडते व वाळविणे सोपे जाते. गोल फिरणारे यंत्र झुडपी व जुने गवत साफ करण्यास चांगले. बिरसीला विमानतळ आहे. धावपट्टीलगतचे गवत जेथे केवळ आखूड राखावयाचे असते, तेथील गरज आणि गोठ्याची गरज यांत हा भेद आहे.

चाल वाढविल्याने काम त्याच प्रमाणात वाढते, असे समजू नये. १.२ मीटरचे यंत्र ताशी ४ किलोमीटर चालले आणि वळणांत पाचवा हिस्सा वेळ गेला, तरी तासात जवळजवळ एक एकर कापून होते. घाईने सुटलेल्या पट्ट्या पुन्हा कापण्यात ही बचत नाहीशी होते.

यंत्राच्या खुणा ओळखणे

इंजिनाचा आवाज जड होणे, धूर काळा होणे, मागे न कापलेली शेंडी राहणे, ही गिअर वरचा असल्याची चिन्हे होत. अशा वेळी ॲक्सिलरेटर न हलविता ट्रॅक्टर थांबवावा, क्लच पूर्ण दाबावा आणि खालचा गिअर टाकावा. क्लच अर्धवट दाबून चाल कमी करण्याची सवय सर्वथा टाळावी. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच पहिल्या टप्प्यापर्यंत दाबला की चाके थांबतात, पण पाते फिरत राहून पुढे साचलेले गवत मोकळे करते. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर मात्र क्लच दाबल्यावर जड पात्याचा वेगच गिअरपेटीतून चाकांना ढकलू शकतो आणि ट्रॅक्टर थांबता थांबत नाही. अशा ट्रॅक्टरच्या जोडदंडास एकाच दिशेने जोर देणारा क्लच बसविलेला असणे आवश्यक आहे.

काही ट्रॅक्टरांवर कमी इंजिन-फेऱ्यांत ५४० देणारी काटकसरीची पी.टी.ओ. सोय असते. ती विरळ गवतातच वापरावी. १,००० फेऱ्यांची सोय असल्यास ५४० च्या यंत्राला ती कदापि लावू नये.

उतार, बांध व सुरक्षितता

उतारावर उतरण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. उतारावर गिअर बदलू नये आणि न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडू नये. लहान ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर कमी असते. म्हणून उतारास आडवे चालणे व बांधावर चढविणे धोक्याचे आहे. बांधाच्या कडेचे गवत विळ्यानेच कापावे. एका बांधीतून दुसरीत जाताना यंत्र बंद करून, उचलून, मोकळ्या वाटेने जावे.

कापणीपूर्वी रान पायी फिरून दगड, तार व खुंट पाहून घ्यावेत. फिरत्या पात्याखालून दगड बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मुले, गुराखी व जनावरे दूर ठेवावीत. अडकलेले गवत काढण्यापूर्वी पी.टी.ओ. व इंजिन बंद करून चावी काढावी आणि पाते पूर्ण थांबू द्यावे. जोडदंडावरील आवरण काढून ठेवू नये. त्या दंडात धोतराचा किंवा लुगड्याचा पदर अडकला, तर सुटका करून घेण्यास क्षणही मिळत नाही.

महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. तो तलावाच्या काठी व धानाच्या बांध्यांत घरटे करतो. सारसाची जोडी किंवा पिल्ले दिसतील तो भाग न कापता सोडावा. मंद गिअरचा हाही एक लाभ आहे, की पुढचे दिसते आणि वेळीच थांबता येते.

कापणीची वेळ

निम्मे गवत फुलोऱ्यावर येताच, दव उतरल्यावर कापणी करावी. जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर बुंधा ठेवल्यास फूट चांगली होते आणि पाते मातीला लागत नाही. कुसळी गवताची कुसळे पक्व होऊ देऊ नयेत. ती जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात आणि जखमा करतात.

पात्याचा वेग स्थिर ठेवणे, गवत पाहून गिअर घेणे आणि मागे वळून काप तपासणे, या तीन गोष्टी पाळल्यास लहान ट्रॅक्टरही मोठे काम देतो. ऑक्टोबरात अशा रीतीने कापून, वाळवून, रचून ठेवलेली गवताची गंजी वैशाखात गोठ्याचा खरा आधार ठरेल.