गेममधली पावलं खरी का वाटतात?

चकलांबा (ता. गेवराई) : पारावर हेडफोन घालून गेम खेळणारं पोरगं एकदम उजवीकडं मान वळवतं. तिकडं कुणीच नसतं! चित्रापेक्षा ही करामत आवाजाची. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी, डाव्यात किंचित उशिरा अन् हलका पोहोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण मेंदू त्यावरून बाजू ओळखतो. ‘बीजीएमआय’सारखे गेम हाच फरक हेडफोनमध्ये तयार करतात. एकाच कानाला लावलं तर शत्रू कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून पोरं दोन्ही कान बंद करतात. अडचण तिथंच आहे. रात्रीच्या लाइटवर उसाला दारं धरायला गेल्यावरही हाच खेळ चालू राहतो, अन् पाचटातली खरी सळसळ ऐकूच येत नाही.