चाकांवरचे बिऱ्हाड

मोटारीच्या पाठीमागे दोन चाकांची एक लहानशी गाडी जोडावयाची. तिच्यात दोघांना आडवे होता येईल इतकी जागा, मागची फळी उघडली म्हणजे स्टोव्ह, भांडी व पिण्याच्या पाण्याची टाकी. आणि असे सुटसुटीत बिऱ्हाड घेऊन, धर्मशाळा व हॉटेले यांची पर्वा न करिता, मनास येईल तेथे मुक्काम ठोकावयाचा, ही हौस अलीकडे आपल्याकडील काही सुशिक्षित कुटुंबांत डोकावू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या निवाऱ्यांच्या पर्यटनासंबंधी स्वतंत्र धोरण मंजूर केल्यापासून तिला थोडी प्रतिष्ठाही लाभली आहे. इंग्रजीत या गाडीस ट्रेलर म्हणतात. आम्ही या लेखापुरते तिला जोडगाडी म्हणणार आहो. कारण जोडलेपणा हाच तिचा गुण आणि हाच तिचा अवगुण होय.

डांबरी हमरस्त्याने अशी गाडी नेण्यात मोठेसे कसब नाही. प्रश्न उभा राहतो तो हमरस्ता सोडल्यावर. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचेच उदाहरण घेऊ. (१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे.) जालन्याहून निघून राजूरच्या गणपतीचे दर्शन घ्यावे, केळणेच्या काठी भोकरदनास मुक्काम करावा, तेथून पूर्वेस थोड्याच कोसांवर असलेले असईचे रणक्षेत्र पाहावे आणि मग सिल्लोडवरून अजिंठ्याकडे वळावे, असा चार दिवसांचा बेत कोणत्याही मोठ्या कुटुंबास सहज जमण्यासारखा आहे. परंतु गावापासून शेतापर्यंत आणि शेतापासून नदीपर्यंत जावयाचे म्हटले की डांबर संपते व गाडवाट सुरू होते. काळी माती, मध्येच मुरुमाचा उंचवटा, पुढे ओढ्याची उतरण. तेथे मोटारीच्या बळापेक्षा जुन्या गाडीवानाचे ज्ञान अधिक उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे ज्ञान या मातीत किती जुने आहे, याचा विचार करू लागले म्हणजे मन थक्क होते. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचे नाव आढळते. १९७३ साली येथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष हाती आला, त्याचे साम्य इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी विद्वानांनी दाखविले आहे. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. त्याच पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, पैठण व तेर येथील माल गाड्यांतून, मोठमोठ्या वाटाहीन प्रदेशांमधून, भडोचच्या बंदरास उतरत असे. वाट नाही आणि तरीही गाडी जाते, ही गोष्ट त्या परदेशी गृहस्थास नमूद करण्यासारखी वाटली! पुढे कित्येक शतके चाकाला जेथे जाता येईना तेथे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून जात राहिले. चाक ही सोय खरी, पण वाट असेल तर.

वाट कोठे आहे हे ओळखण्याची कला असईच्या लढाईत एका परक्या सेनापतीने दाखविली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या भूभागात उभ्या होत्या. आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, त्यास केळणा ओलांडावयाची होती. मराठी फौजेच्या समोरचा उतार सोडला तर दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी निक्षून सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन खेडी वसलेली. इंग्रजी लेखांत त्यांची नावे पिंपळगाव व वारूर अशी येतात. इतकी जवळजवळची दोन गावे एकमेकांशी दळणवळण ठेवल्यावाचून राहणे शक्य नाही, म्हणजे येथे गाडीउतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले. आणि ते खरे ठरले. त्याच दिवसाचा दुसरा प्रसंग मात्र सहसा कोणी सांगत नाही. नदी ओलांडल्यावर शिंद्यांच्या तोफखान्याने असा भडिमार केला की, इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व त्यांचे हाकणारे पटापट कोसळले, आणि तोफा शाबूत असूनही मागेच पडून राहिल्या. लढाई वेलस्लीने जिंकली, ती त्या तोफांवाचून. ओढणारा अडला की ओढलेली वस्तू कितीही मोलाची असो, ती केवळ लोढणे होते. जोडगाडीच्या मालकाने हे नित्य ध्यानात बाळगावे.

हौसेखातर घर ओढीत हिंडण्याची चाल विलायतेत फारशी जुनी नाही. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी वैद्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाचे दोन घोड्यांचे घर बांधवून घेतले व तो त्यातून इंग्लंडाहून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्याचा चाकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन रस्त्याची पाहणी करून येत असे. ही युक्ती आम्हांस फार पसंत आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जोडण्याची पाव टनाची लहान गाडी निघाली, आणि हल्लीच्या आडवाटेच्या कित्येक जोडगाड्यांची घडण तिच्यावर बेतलेली दिसते: आखूड, ठेंगणी, आणि जीपच्याच मापाची चाके असलेली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तो म्हणजे भार. भोकरदनच्या बाजूस आमचे एक स्नेही आपली नवी जोडगाडी घेऊन गेले असता, वाड्यासमोर जमलेल्या मंडळींत एक वृद्ध गाडीवान होते. त्यांनी गाडीची दांडी एका हाताने सहज वर उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, “दादा, गाडी उलाळ झाली. मागं लई भरलंय.” त्या वृद्धाने ट्रेलर आयुष्यात प्रथमच पाहिला होता. परंतु बैलगाडीत भार मागे गेला म्हणजे जू वर उचलले जाते, बैलांचा गळा आवळतो व चढावर गाडी मागे कलंडते. आणि भार पुढे गेला म्हणजे बैलांची मान जाते, हे त्यांस पुरते ठाऊक होते. यंत्रशास्त्राचे पुस्तक याहून निराळे काही सांगत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या आकड्यावर पडला पाहिजे. गाडी भरून पाचशे किलो होत असेल तर आकड्यावर पन्नास ते पंचाहत्तर किलो. हे मोजण्यास कारखान्यात जावे लागत नाही. गाडी सपाट जागी ठेवून, दांडीच्या टोकाखाली आकड्याच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा धान्याच्या काट्यावर उभा करावा, की वजन समजते.

भार यापेक्षा कमी पडला तर काय होते? बैलगाडी उलाळते, ती निदान डोळ्यांस दिसते. जोडगाडीचे दुखणे वेग वाढल्यावर प्रकट होते. तिचे शेपूट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो, आणि अखेर ती मोटारीलाच आपल्याबरोबर फिरविते. अशा वेळी चक्र उलटसुलट फिरविणे अथवा वेग वाढवून गाडी सरळ करू पाहणे घातक होय. चक्र सरळ घट्ट धरावे, वेगाच्या पट्टीवरून पाय काढावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. पण त्याहून उत्तम म्हणजे घरून निघतानाच भार नीट लावणे. ज्यांच्याकडे घरातील सामान भरण्याचे काम असते, त्या माता-भगिनींनी एवढे पाहावे की, पिठाचा डबा, डाळतांदूळ, लोखंडी तवे व पाण्याची टाकी ही आसाच्या वर व जितकी खाली ठेवता येतील तितकी खाली असावी. अंथरुणे व कपडे मागे गेले तरी चालतील. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हा हिशेब विसरू नये. संध्याकाळी टाकी रिकामी झाली म्हणजे दांडीचे वजनही बदलते.

चाकोरी हा शब्द आपण हल्ली केवळ लाक्षणिक अर्थाने वापरतो. गाडवाटेवर तो पुन्हा खरा होतो. वर्षानुवर्षांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा, मध्ये गवताचा वरंबा. मोटारीच्या दोन चाकांमधील अंतर एक आणि जोडगाडीचे दुसरे असेल, तर मोटार चाकोरीत चालते व मागच्या बिऱ्हाडाचे एक चाक चाकोरीत तर दुसरे वरंब्यावर, असे ते कलंडत येते. म्हणून अंतर सारखे असावे. चाकेही मोटारीच्याच मापाची असावीत, म्हणजे एकच जादा चाक दोघांच्या कामी येते. खडबडीत वाटेवर टायरांतील हवा थोडी कमी करावी, परंतु डांबरावर येताच ती पुन्हा भरावी. त्यासाठी पंप जवळ हवाच.

काळ्या मातीविषयी मराठवाड्यातील वाचकांस आम्ही काय सांगावे? कोरडी असता ती दगडासारखी टणक व भेगाळलेली. एक सर आली की फुगते, चाकाला चिकटते, चाक व त्यावरील पत्रा यांच्यामध्ये भरून राहते आणि चाक फिरेनासे होते. मोटारीचे इंजिन कितीही जोराचे असो, न फिरणाऱ्या चाकांची गाडी म्हणजे नांगरच. पावसाळ्यात गाडवाटेवर जोडगाडी नेऊच नये. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस या प्रवासास योग्य. अवकाळी सर आलीच तर जेथे असाल तेथे मुक्काम वाढवावा. आजी जवळ असतील तर अर्धा दिवस गोष्टींत जातो, आणि ऊन पडले की वरची साय वाळते.

नदीनाल्याच्या उतारात मोटार घालण्यापूर्वी कोणीतरी पायी उतरून पाहिलेच पाहिजे: तळ वाळूचा की खडकाचा, पाणी आसाच्या वर जाते की खाली राहते, पलीकडचा चढ किती उभा आहे. गुराख्याला विचारावे, मात्र ‘येथून जाता येते का?’ असे न विचारता ‘येथून कोणाची ट्रॉली गेली, आणि केव्हा?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नास आपल्याकडे भिडेखातर होकार मिळतो.

आणि वाट चुकली तर? मागे फिरावे लागते. येथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. मोटार मागे नेताना चक्र डावीकडे वळविले की जोडगाडीचे शेपूट उजवीकडे जाते. यावर सोपा उपाय असा की, हात चक्राच्या खालच्या बाजूस धरावा. मग ज्या बाजूस हात नेऊ त्याच बाजूस गाडीचे शेपूट जाते. गाडी जितकी आखूड तितकी ती मागे नेताना लवकर मुडपते, म्हणून लहान गाडी सोपी हा समज खोटा आहे. मागे उभे राहून दिशा सांगणारे माणूस एकच असावे. एकत्र कुटुंबात काका, भाऊ व जावईबापू असे तिघे तीन बाजूंनी हात करू लागले, म्हणजे काय होते ते सांगावयास नको. अगदीच अरुंद पाणंद असेल तर गाडी सोडून, चार हातांनी वळवून, पुन्हा जोडावी. पाचशे किलोपर्यंतच्या गाडीचा हा मोठाच फायदा आहे.

आकडा मजबूत चौकटीस जखडलेला असावा, नुसत्या बंपरास नव्हे. ज्या जोडास वरखाली, आजूबाजूस आणि पिळ्याप्रमाणे अशा तिन्ही तऱ्हेने हलण्याची मोकळीक असते, तोच आडवाटेवर टिकतो. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली मारून लावाव्यात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. अजिंठ्याचा घाट फर्दापुराकडे उतरताना खालचा गिअर उतरणीच्या आरंभीच टाकावा. मागचे बिऱ्हाड तेथे ओढले जात नाही, ते आपणांस ढकलीत असते.

एका बाबतीत मात्र आम्ही कोणाचीच भीड ठेवणार नाही. चालत्या जोडगाडीत माणूस बसवू नये. मुलांना तो झोपाळा वाटतो, थकलेल्या वृद्धांना आत निजावेसे वाटते. पण आकडा निसटला अथवा गाडी उलटली तर आतील माणसाची हाक मोटारीत पोचत नाही. याच जालना जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघणारी कुटुंबे ट्रॅक्टरमागील ट्रॉल्यांत आपली भांडीकुंडी, सरपण, शेळ्या व तान्ही मुले घेऊन रात्रीच्या रात्री प्रवास करितात. हौसेचे बिऱ्हाड आणि पोटाचे बिऱ्हाड एकाच रस्त्याने जाते. त्यांना दुसरा मार्ग नाही म्हणून ती तशी बसतात. आपणांस तो आहे. रात्री अशी ट्रॉली पुढे दिसली, मागे दिवा नसला, तर अंतर राखून चालावे आणि उतावीळपणे भोंगा वाजवू नये.

कायद्याने जोडगाडी हे स्वतंत्र वाहन आहे व तिची नोंदणी वेगळी करावी लागते. खाजगी वापराच्या अशा गाडीचा उल्लेख केंद्र सरकारच्या २००४ सालच्या वाहनप्रकारांच्या यादीत आहे. मोटार किती वजन ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. कित्येक पुस्तिकांत हा आकडा नसतोच, तेव्हा कारखानदारास लेखी विचारल्यावाचून आकडा बसवू नये. मुक्कामासाठी शेत निवडल्यास मालकाची परवानगी आधी घ्यावी, उभ्या पिकापासून व कडब्याच्या गंजीपासून चूल दूर मांडावी. सकाळी निघताना चाकांच्या नटांवर एकदा पाना फिरवावा. नव्या गाडीचे नट पहिल्या पन्नास मैलांत सैल पडण्याचा संभव असतो. पहिल्या विसाव्यास चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहावा, आणि हात ठेववत नसेल इतका तो तापला असेल तर आतील वंगण संपले असे समजून तेथेच थांबावे.