कलाशिक्षण : पदवी कोणास आवश्यक?
पेडणे तालुक्यातील इब्रामपूरसारख्या गावी कलेची ओढ असलेल्या मुलाचा हात गणपतीच्या शाळेत, चवथीपूर्वीच्या मातीकामात, घडू शकतो. मग पणजीच्या गोवा कला महाविद्यालयात (स्थापना १९७२) काही वर्षे का घालवावीत, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. मूळचे गोमंतकीय असलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ साली काढून टाकण्यात आले. वासुदेव गायतोंडे यांनी तेथूनच १९४८ साली पदविका घेतली. दोघेही थोर ठरले! चित्रकार होण्यास पदवी अनिवार्य नाही. चित्रकला-शिक्षकाच्या नोकरीस मात्र पदवी वा पदविका लागते. शिवाय मनुष्याकृतीचे नियमित रेखाटन व उपयोजित कला मूर्तिकाराच्या ओसरीवर क्वचितच शिकावयास मिळतात. हंगामात मुलगा गावी परतू शकल्यास मातीकामही सुटत नाही.