कौले उतरताना : हरमलच्या घरांवर पत्रे का चढत आहेत?

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की हरमलमध्ये एकेकाळी घराघरांच्या छपरांवर माणसे दिसत. फुटकी कौले काढायची, सरकलेली पुन्हा बसवायची, सांदीत साचलेला पालापाचोळा झाडायचा, कुजलेली रीप बदलायची आणि पहिला पाऊस येण्याआधी खाली उतरायचे, असा हा शाकारणीचा वार्षिक रिवाज होता. आता त्याच दिवसांत वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पत्रा कापणाऱ्या यंत्राचा कर्कश आवाज अधिक. मधलावाड्यापासून खालच्यावाड्यापर्यंत आणि पलीकडे पालये, केरीतही लाल कौलांच्या जागी लाल रंगाचेच पत्रे चढत आहेत. दुरून फरक कळू नये म्हणून कौलांच्या नक्षीचे पत्रेही बाजारात मिळतात. घरात राहणाऱ्याला मात्र तो फरक पहिल्याच पावसात कळतो.

या बदलामागे केवळ हौस नाही. शाकारणीसाठी माणूस मिळेनासा झाला आहे. कौलांवर पाय कुठे ठेवायचा, वासा कुठे आहे हे तळव्याला कळणारी पिढी थकली आणि तिच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले. माकडांच्या टोळ्या छपरावरून एकदा गेल्या की डझनभर कौले फुटतात. वाळवी लागलेला वासा बदलायचा तर चांगले लाकूड महाग, आणि स्वतःच्या परसातले झाड तोडायचे तरी १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. घरात वृद्ध आईवडील एकटे आणि मुले मुंबईत किंवा आखातात असतील तर दरवर्षी कौले परतून घेणार कोण? ‘एकदा पत्रे घातले की सुटलो’ हे वाक्य अशा घरांतून येते, तेव्हा ते आळसाचे नसून नाइलाजाचे असते.

ज्याला आपण परंपरागत छप्पर म्हणतो, तेही एका काळी नवेच होते. बहुसंख्य सामान्य घरांवर माडाच्या झावळ्यांचे झाप किंवा गवत असे. ऐपतदारांच्या घरांवर कुंभाराने चाकावर नळी घडवून, ती उभी चिरून भाजलेले अर्धगोल नळे असत. सपाट, एकमेकांत खाच अडकवून बसणारे ‘मंगळुरी’ कौल आले ते त्यानंतर. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांची चिकणमाती वापरली आणि हे कौल जलमार्गाने सबंध पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. नळ्यांपेक्षा ते हलके, एकसारखे आणि कमी गळणारे होते. तेव्हाही जुने नळे उतरलेच होते. म्हणून बदल होतो आहे याचे दुःख करण्यापेक्षा तो कसा होतो आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

पहिला प्रश्न वजनाचा. एक मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचे असते आणि एका चौरस मीटरला अशी पंधराएक कौले लागतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पस्तीस ते चाळीस किलो भार, पावसात भिजल्यावर त्याहून थोडा अधिक. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत चार ते पाच किलो. भार इतका घटल्यावर जुन्या भिंतींना आराम मिळेल, असे कुणालाही वाटेल. उभ्या भाराच्या बाबतीत ते खरेही आहे. पण छप्पर केवळ खाली दाबत नसते. वादळात वारा ते वर खेचतो.

भारतीय मानकांत पणजीसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. अशा वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास भरतो आणि उतरत्या छपराच्या काठांवर व आढ्याजवळ तो ओढ होऊन वर लागतो. कौलारू छपराला या ओढीतून सुटण्याची एक वाट असते. कौलांच्या फटींतून हवा निसटते, काही कौले उडतात, फुटतात, पण सांगाडा बहुधा जागेवर राहतो. पत्र्याचे छप्पर मात्र अखंड शिडासारखे वागते. त्याला फट नाही आणि स्वतःचे वजनही नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तो दिवस किनारी पट्टीतील लोक अद्याप विसरलेले नाहीत.

हरमलमधील जुन्या घरांत खरी मेख इथे आहे. त्यांच्या भिंती चिऱ्यांच्या, पण पुष्कळदा सिमेंटमध्ये नव्हे तर मातीत बांधलेल्या. वरच्या थरातील चिरे कौलांच्या वजनानेच जागच्या जागी बसलेले असतात. ते वजन काढून घेतले आणि नवा लोखंडी ट्रस त्याच सैल चिऱ्यांत चार खिळे-बोल्ट ठोकून अडकवला, तर छप्पर कशाला धरून राहणार? भिंतीच्या माथ्यावर सळ्यांसह काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात ट्रसचे पाय बोल्टांनी बांधणे, आणि तो पट्टाही भिंतीत खोलवर जखडणे, हा यावरचा उपाय. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी हेच काम गाळले जाते. पत्र्याचा रंग निवडण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी या पट्ट्यावर गेला तरी पुरे.

दुसरा शत्रू समुद्र. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ पत्र्यावर बसते, हवेतील दमट ओलावा धरते आणि गंज सुरू होतो. उघड्या पृष्ठभागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली, जिथे पागोळीचे पाणी पोहोचत नाही, तिथे ते वर्षानुवर्षे साचत राहते. म्हणून पत्रा वरून लखलखीत आणि खालून खाल्लेला, असे दृश्य किनाऱ्यावर नेहमी दिसते. साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र मुलाम्याचा पत्रा अधिक टिकतो. त्या मुलाम्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण ५५ टक्के असते. खरेदी करताना केवळ जाडी विचारून भागत नाही. मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम, हे विचारावे लागते. ‘एझेड १५०’ या खुणेचा अर्थ दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम. शिवाय समुद्रापासून किती अंतरापर्यंत हमी लागू नाही, हे हमीपत्रावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. गिरकरवाड्यासारख्या अगदी लाटांलगतच्या वस्तीत ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. तिथे पूर्ण ॲल्युमिनियमचा पत्रा महाग पडला तरी अधिक शहाणपणाचा ठरू शकतो.

कामगाराच्या दोन सवयीही पत्र्याचे आयुष्य कमी करतात. एक, ग्राइंडरने कापणे. त्याच्या ठिणग्या मुलामा जाळतात आणि तापलेला लोखंडी कीस रंगात रुतून तिथेच गंजू लागतो. कात्रीने कापावे आणि कीस त्याच दिवशी झाडून टाकावा. दुसरी, कौलांच्या काळातील सवयीने आढ्यावर किंवा भिंतीलगत सिमेंटचा गिलावा भरणे. ओल्या सिमेंटमधील अल्कली जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाते. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकतो, तेव्हा गळती पत्र्यातून नव्हे तर त्या छिद्रांतून सुरू होते. दर काही वर्षांनी ते वायसर तपासावे लागतात. एकदा पत्रे घातले की कायमचे सुटलो, हा समज म्हणूनच अर्धाच खरा.

राहता राहिला उकाडा. कौल सच्छिद्र माती आहे. ते हळू तापते, फटींतून गरम हवा बाहेर जाते, आणि पावसाळ्यात त्याने शोषलेले पाणी वाळताना खोली थंड राहते. पत्रा एप्रिलच्या दुपारी हात लावू न देण्याइतका तापतो आणि ती उष्णता थेट खाली फेकतो. संध्याकाळी मात्र तो लगेच थंड होतो, ही त्याची जमेची बाजू. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात पत्र्यावरचा आवाज ही किरकोळ तक्रार नव्हे. आषाढातील एखाद्या सरीत शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. दमट रात्री पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरून थेंब टपकतात आणि घरमालक छप्पर गळते म्हणून कामगाराला दोष देतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, त्याखाली लाकडी किंवा अन्य छत आणि आढ्याशी हवा जाण्यास वाट, एवढे केले तर तिन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. तिथल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल्स असतात. वीसेक वर्षांनी ते काढावे लागतात, म्हणून अनेक जण धातूच्या छपराकडे वळतात. पण तिथे छपराखाली फळ्यांचे अखंड अस्तर आणि उष्णतारोधक थर आधीपासून असतो. हरमलच्या घरात पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये अनेकदा काहीच नसते. परदेशातील जाहिराती पाहून केलेली तुलना म्हणूनच फसते.

एक मधला मार्ग येथील काही घरांनी स्वीकारला आहे : खाली पत्रा, वर जुनीच कौले. ऊन कौले झेलतात, पाणी पत्रा अडवतो. मात्र दोहोंमध्ये पट्ट्या ठोकून हवेची जागा ठेवली नाही तर ओला कचरा साचून पत्रा दडपणाखालीच सडतो. आणि या रचनेत वजन मुळीच कमी होत नाही, हे सांगाडा ठरवताना ध्यानात ठेवावे लागते.

काम सुरू करण्यापूर्वीचा कागदोपत्री भाग रुक्ष असला तरी हरमलमध्ये तो टाळता येत नाही. गोवा पंचायत राज कायद्याच्या ६६व्या कलमाखाली घरात बदल करण्यास पंचायतीची परवानगी लागते. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेनुसार विकासबंदी क्षेत्रात केवळ आधीपासूनच्या अधिकृत घरांची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, तीही जोत्याचे आणि चटईक्षेत्राचे मूळ प्रमाण न वाढवता. छप्पर बदलण्याच्या निमित्ताने भिंती तीन-चार फूट उंच करून वर पर्यटकांसाठी खोली काढण्याचा मोह होतो आणि साधी दुरुस्ती तिथेच नवे बांधकाम ठरते. ज्यांची घरे भाटकाराच्या जमिनीत आहेत, त्यांनी एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि मुंडकार म्हणून झालेली नोंद आधी हाताशी ठेवावी. १९७५चा मुंडकार कायदा घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देतो, पण घर जुने आहे हे दाखवणारा पुरावा बहुधा ते जुने छप्परच असते. म्हणून उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून, जोत्याची मापे घेऊन ठेवणे बरे.

उतरवलेली कौले फेकू नयेत. गावात कुणाच्या तरी गोठ्याला, विहिरीच्या शेडला किंवा देवळाच्या पडवीला ती हवी असतात, आणि त्याच मापाची अखंड कौले आता सहज मिळत नाहीत. सागाचे, फणसाचे वासे भंगाराच्या भावाने देण्याआधी सुताराला दाखवावेत. जिथे कौलांऐवजी सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे असतील, तिथे ते फोडून खाली टाकू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून पाणी मारून, स्क्रू काढून अखंड उतरवावेत. आणि हे सारे मार्च-एप्रिलमध्ये. मेअखेरीस वेल्डर शोधायला निघालेल्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्रीखाली झोपावे लागते.